केस कधीच मिटली, रेकॉर्ड मात्र तसंच: गोव्याच्या चाळीसही आमदारांना खुलं पत्र

गोवा विधानसभेच्या सर्व आमदारांना,
स. न. वि. वि.

मी डिचोली तालुक्यातला इंग्रजीचा मास्तर. शाळेतून रिटायर झालो, आता घरीच बॅच घेतो. दहावी-बारावीची पोरं येतातच, पण हल्ली संध्याकाळच्या बॅचला बी.ए., बी.एड. झालेली पंचविशी-तिशीतली मुलंमुली येऊन बसतात, कारण त्यांना परदेशात इंग्रजी शिकवायला जायचंय. व्हिएतनाम, थायलंड, मालदीव, ओमान-कुवेतमधल्या आपल्या सीबीएसई शाळा, कुठेही. आमच्या डिचोली-सत्तरीतून पूर्वी असं कोणी फारसं जायचं नाही, बोटीवर जाणारे सासष्टी-बारदेशचे, आमच्याकडे खाण होती आणि दारात ट्रक होता, ती खाण २०१२ ला बंद पडली, परत सुरू झाली झाली म्हणेपर्यंत २०१८ ला सुप्रीम कोर्टाने लीज रद्द केल्या, आणि तेव्हा ज्या घरांत ट्रकचे हप्ते थकले त्याच घरांतली ही पोरं आहेत. माझे विद्यार्थी म्हणून कौतुक करत नाही, खरंच हुशार आहेत. इंटरव्ह्यू ऑनलाइन देतात, डेमो लेसन घेतात, ऑफर लेटर आणतात.

आणि मग त्यातल्या काहींचं घोडं पोलीस व्हेरिफिकेशनला अडतं. त्यासाठीच हे पत्र लिहितोय, आणि थोडं लांबणार आहे, कृपा करून पूर्ण वाचा.

परदेशात शिकवायला जायचं तर पीसीसी लागते, पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. पासपोर्टच्या पोर्टलवर अर्ज करायचा, ५०० रुपये भरायचे, मग तुमच्या पोलीस स्टेशनकडून रिपोर्ट जातो आणि पासपोर्ट ऑफिस सर्टिफिकेट देतं. व्हिएतनामला वर्क परमिटसाठी हा दाखला सहा महिन्यांच्या आतला लागतो. थायलंडमध्ये तिथली शिक्षक परिषद मागते. गल्फला शिक्षकांसाठी मागतात, वर काही ठिकाणी एम्बसीचे शिक्के. म्हणजे पोरगा कितीही चांगला शिकवत असू दे, या एका कागदावर सगळं येऊन थांबतं, आणि त्या कागदावर असतं काय तर एकच वाक्य, या माणसाविरुद्ध काही प्रतिकूल माहिती नाही. असली तर कागदच येत नाही, नाहीतर अडकून पडतो. काय होतं, कधी होतं, किती वर्षांपूर्वी, पुढे कोर्टात काय झालं, हे लिहायला त्यात जागाच नाही.

माझ्या एका विद्यार्थ्याचं सांगतो. नाव देत नाही, त्याने नको म्हटलंय.

एकोणीस वर्षांचा असताना गावच्या जत्रेत, रात्री नाटक चालू असताना, बाहेर मोटरसायकली लावण्यावरून बाचाबाची झाली, ढकलाढकली झाली, दोन्हीकडून तक्रारी. तेव्हाच्या आयपीसीची कलमं ३२३, ५०४, ५०६, ३४, म्हणजे किरकोळ मारहाण, अपमान, धमकी, आणि तेही एकत्र मिळून. कोणाला टाका पडला नाही की कोणी हॉस्पिटलात गेलं नाही. पुढे दोन्ही घरांतली वडीलधारी मंडळी बसली, कोर्टात समझोता झाला आणि केस संपली. तेव्हाच्या सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं कलम ३२०, त्याचं आठवं पोटकलम, त्यात स्पष्ट लिहिलंय की समझोता झाला की त्याचा अर्थ आरोपी निर्दोष सुटला असाच धरायचा. आता त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएसमध्ये ते कलम ३५९ झालंय, पण अर्थ तोच. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने हा मुलगा निर्दोष. ज्याच्याशी भांडण झालं तो आज याच्या बहिणीच्या लग्नाला जेवून गेलाय.

तर या मुलाला व्हिएतनाममधल्या दा नांगच्या एका लँग्वेज सेंटरची ऑफर आली. पीसीसीला अर्ज केला आणि व्हेरिफिकेशन अडकलं. मी त्याच्याबरोबर पोलीस स्टेशनात गेलो. कुठल्या ते लिहीत नाही, आणि तिथल्या हवालदारांबद्दल माझी काही तक्रार नाही, माणूस चांगला होता, आम्हाला बसवलं, जुनं रजिस्टर काढलं, कडेला पानं पिवळी पडलेली. आडव्या ओळीत सगळं व्यवस्थित होतं, गुन्हा नंबर, तारीख, फिर्यादी, आरोपी, कलमं, तपास कोणी केला, चार्जशीट कधी गेली. शेवटचा मोठा रकाना निकालाचा. तो कोरा. त्याच पानावर आणखी किती ओळींचा तो रकाना कोरा होता, ते मी बघत राहिलो. हवालदार म्हणाले, मास्तर, कोर्टातून आमच्याकडे निकाल आलाच नाही, आमच्या लेखी केस चालूच आहे, तुम्ही सर्टिफाइड कॉपी आणा मग मी लिहितो. मग कोर्टात नकलेचा अर्ज, जुनी फाइल रेकॉर्ड रूममध्ये, ती शोधायची, क्लार्क रजेवर, हे सगळं होऊन कॉपी हातात आली, रजिस्टरमध्ये नोंद झाली, पीसीसी पण आली. पण तोपर्यंत सेंटरची बॅच सुरू झाली होती आणि त्यांनी दुसरा शिक्षक घेतला होता. त्यांना दोष कसा देणार, त्यांनी वाट बघितली होती.

एका कोऱ्या रकान्यापायी नोकरी गेली. निर्दोष सुटलेल्या माणसाची.

आता तुम्ही म्हणाल एखादी केस असते अशी. नाहीये हो. पोलीस रेकॉर्डला काय काय असतं ते बघा. निवडणुकीच्या आधी खबरदारी म्हणून केलेल्या चॅप्टर केसेस असतात, ज्यात शिक्षा होतच नाही, बाँड लिहून घेतात आणि सोडतात. एनसी असते, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद. समरी झालेली असते, म्हणजे तपासानंतर खटला न चालवताच बंद केलेली. समझोता झालेली, पुराव्याअभावी सुटलेली, शंभर-दोनशे रुपये दंड भरून मिटलेली, आणि खरोखर गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेली, ही सगळी एकाच चाळणीतून जातात. बाहेर येताना उत्तर दोनच, आहे किंवा नाही.

आणि आंदोलनातल्या केसेस. हे तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सत्तरीत शेळ-मेळावलीला आयआयटी नको म्हणून लोक उभे राहिले, जानेवारी २०२१ मध्ये पोलिसांशी झटापट झाली, गुन्हे दाखल झाले, आणि त्याच महिन्यात सरकारनेच तिथली आयआयटी रद्द केली. त्याच्या आधी नोव्हेंबर २०२० मध्ये चांदरला रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्ध लोक रात्रभर रुळांवर बसले, त्यांच्यावरही एफआयआर झाले. तुमच्यातले काही जण तेव्हा त्या लोकांच्या बाजूने बोलले, मला आठवतंय. अशा गर्दीत कॉलेजची मुलं असतात. त्यांच्यातल्या एखादीला उद्या मस्कतच्या शाळेत शिकवायला जायचं असेल तर फॉर्मवरच्या, तुमच्यावर कधी केस झाली का, या प्रश्नाला ती काय लिहिणार? तुम्ही राजकारणात आहात, तुमच्यावर आंदोलनाची केस असली तर मिरवता येते. शिक्षकाच्या बाबतीत तीच केस संशय होऊन बसते.

मी एक गोष्ट अगदी स्पष्ट करतो, कारण हे पत्र वाचून कोणीतरी म्हणणार की मास्तर गुन्हेगारांना वर्गात पाठवायला निघाले. मुलांच्या जवळ जाणाऱ्या माणसाची कसून तपासणी झालीच पाहिजे. हे गोव्याला कोणी शिकवायला नको. फ्रेडी पीट्सला १९९१ साली मडगावात अटक झाली, अनाथाश्रमाच्या नावाखाली तो लहान मुलांचं काय करत होता ते बाहेर आलं आणि १९९६ साली त्याला जन्मठेप झाली. त्या धक्क्यातून सावरतानाच आपल्याकडे २००३ चा गोवा बाल कायदा आला. कोरियाने शिक्षकांना गुन्हे-दाखला सक्तीचा केला तोही अशाच कारणाने, तिथे शिकवणारा एक कॅनेडियन शिक्षक २००७ मध्ये थायलंडमध्ये मुलांच्या लैंगिक शोषणासाठी पकडला गेला. जपाननेही २०२४ साली मुलांबरोबर काम करणाऱ्यांचे लैंगिक गुन्हे तपासायचा कायदा केला. बरोबर केलं. असल्या माणसाला दहा वर्षांनी काय, कधीच वर्गात पाय ठेवू देऊ नये, आणि मी स्वतः त्याच्या विरुद्ध साक्ष द्यायला जाईन.

पण आपल्याच बाल कायद्याचं गोव्यात पुढे काय झालं तेही बघा ना. शेजाऱ्यांचं भांडण, दोन घरांची हमरीतुमरी, त्यात एखादं मूल मध्ये आलं, त्याला लागलं, की लावलं बाल कायद्याचं कलम. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने गोव्याच्याच एका खटल्यात सांगितलं की साध्या भांडणात शाळेच्या बॅगेने मुलाला मारलं एवढ्यावरून तो बाल छळ होत नाही, आणि त्या कलमातून माणसाला सोडलं. घटना बारा वर्षांपूर्वीची. बारा वर्षं तो माणूस कागदोपत्री लहान मुलांचा छळ करणारा होता! आता कल्पना करा की असलाच माणूस बी.एड. आहे आणि परदेशी शाळेत अर्ज करतोय. गोवा बाल कायदा एवढे शब्द दिसले की तिकडचा एचआर फाइल पुढे वाचणार आहे का? मी त्याच्या जागी असतो तर मीही नसती वाचली. म्हणूनच रेकॉर्डमध्ये नेमकं काय घडलं आणि कोर्टाने शेवटी काय म्हटलं हे आलं पाहिजे. त्याने मुलंही सुरक्षित राहतात, खरा गुन्हेगार लपत नाही आणि भांडणवाला भरडला जात नाही.

दुसरी बाजू अशा लोकांची ज्यांच्यावर दोष खरंच सिद्ध झालाय, पण बारीकसा आणि जुना. किनारपट्टीवरची मुलं विचारायला येतात, अठरा-एकोणीस वर्षांचे असताना एक पुडी गांजा सापडला, थोडा दंड भरला, आता वय तिशीच्या पुढे, चालेल का सर? मी त्यांना खरं सांगतो. जपान असेल तर विसर, कारण त्यांच्या इमिग्रेशन कायद्यात ड्रग्जच्या गुन्ह्यात कुठल्याही देशात शिक्षा झाली असेल, कितीही लहान असली तरी, प्रवेश नाही, आणि इतर गुन्ह्यांत एक वर्ष किंवा जास्त कैद झालेली असेल तरी नाही. तो त्यांचा कायदा आहे, आपण बदलू शकत नाही. पण हे पोराला कोर्सची फी भरायच्या आधी कोणीतरी सांगायला हवं ना. मोठमोठ्या फिया घेऊन शिक्षक घडवणारे कोर्सवाले आणि एजंट हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारतच नाहीत, पैसे भरून झाले, सर्टिफिकेट हातात आलं की मग म्हणतात अरे तुझी केस होती होय, आधी सांगायचं.

आपल्या देशाचा कायदा मात्र इतका कठोर नाहीये, हे मी वकिलांकडून समजून घेतलं. १९६७ चा पासपोर्ट कायदा काय म्हणतो, तर नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षं किंवा जास्त कैद झाली असेल आणि तीही अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत, तर पासपोर्ट नाकारता येतो. म्हणजे पाच वर्षांनंतर माणसाला परत जग बघू द्यावं हे संसदेला तेव्हाच पटलं होतं. केस चालू असेल तरी कोर्टाची परवानगी आणली तर १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे पासपोर्ट मिळतो. १९५८ च्या प्रोबेशनच्या कायद्यात कलम १२ आहे, कोर्टाने प्रोबेशनवर सोडलं असेल तर त्या दोषामुळे पुढे अपात्रता लागू होत नाही. अठराच्या आतल्या मुलाचं असेल तर २०१५ च्या बाल न्याय कायद्यात, अगदी भयंकर गुन्हे सोडले तर, रेकॉर्ड नष्ट करायलाच सांगितलंय. एवढं सगळं आहे. पण मोठ्या माणसाची जुनी, किरकोळ शिक्षा अमुक वर्षांनी पुसली गेली असं म्हणणारा सरसकट कायदा आपल्याकडे नाही.

ब्रिटनमध्ये आहे, १९७४ पासून. स्विंडनला आपले इतके गोंयकार राहतात, कोणालाही विचारा. तिथेही शाळेच्या नोकरीसाठी तपासणी जास्त कडक असते, पण त्यातही, कैद झाली नसेल आणि गुन्हा गंभीर यादीतला नसेल तर मोठ्या माणसाची जुनी शिक्षा ११ वर्षांनी शाळेला दिसत नाही. अल्पवयीन असताना झालेली साडेपाच वर्षांनी. कॅनडात लहान गुन्ह्याला पाच आणि मोठ्याला दहा वर्षं नीट वागलात तर रेकॉर्ड बाजूला ठेवायचा अर्ज करता येतो. आमचा मुलगा व्हिएतनामच्या त्याच सेंटरमध्ये त्याच नोकरीला ब्रिटिश आणि कॅनेडियन मुलांबरोबर उभा राहतो, त्यांची जुनी चूक त्यांच्या देशाने मिटवलेली, आणि आमच्या मुलाची न केलेली चूकसुद्धा रजिस्टरात जिवंत. हे मला सहन होत नाही, म्हणून लिहायला बसलो.

यातून काय होतं ते सांगतो. पोरं घाबरतात आणि एजंटचं ऐकतात. एजंट म्हणतो फॉर्मवर सरळ नाही लिही, कोण बघतंय. मी हात जोडून सांगतो की असं करू नका, पासपोर्टच्या कामात खोटी माहिती दिली तर पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली तो वेगळा गुन्हा होतो, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि प्रश्न नीट वाचा, शिक्षा झाली का विचारलंय, अटक झाली का विचारलंय, की केस चालू आहे का विचारलंय, तिन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात. अमेरिकेच्या व्हिसा फॉर्मवर अटकसुद्धा विचारतात. लपवलेलं सापडलं तर मूळ केसपेक्षा ते महागात पडतं. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात सरकारी नोकऱ्यांबद्दल हेच सांगितलंय, माहिती खरी द्या, आणि तरुण वयातली घोषणाबाजीसारखी किरकोळ गोष्ट असेल तर मालकाने तिच्याकडे दुर्लक्ष करायलाही हरकत नाही. किती चांगला निकाल आहे! पण परदेशातल्या शाळेला तो लागू नाही, त्यांना फक्त आपला कागद दिसतो.

आणि दुसरा एजंट म्हणतो पीसीसी कशाला, टुरिस्ट व्हिसावर चल, तिथे गेल्यावर बघू. याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. थायलंडच्या नोकरीच्या नावाने नेऊन आपल्या मुलांना म्यानमारमध्ये सायबर फ्रॉडच्या कामाला जुंपलं म्हणून २०२२ मध्ये परराष्ट्र खात्याला इशारा द्यावा लागला होता. सरळ रस्ता बंद दिसला की शिकलेलं पोरगंसुद्धा असल्याच्या मागे जातं.

आता तुमच्याकडून काय हवंय. पासपोर्ट आणि पीसीसी केंद्राचं काम, मला कळतं, पण पोलीस हा राज्याचा विषय आहे आणि तो रकाना आपल्या पोलीस स्टेशनात कोरा आहे. तो भरा. एकदाच मोहीम काढा, समजा मागच्या वीस वर्षांच्या केसेस घ्या, ई-कोर्ट्सवर बऱ्याचशा केसेसचं स्टेटस दिसतं, जे दिसत नाही ते कोर्टाच्या रेकॉर्डमधून काढा, आणि निकाल रजिस्टरमध्ये आणि कॉम्प्युटरवर दोन्हीकडे चढवा, निर्दोष तर निर्दोष, समझोता तर समझोता, दंड तर दंड. पुढच्यासाठी कोर्टातून निकाल आपोआप पोलीस स्टेशनला जाईल अशी सोय करा, त्या पोराला कागद घेऊन दारोदार फिरायला लावू नका. पीसीसीच्या व्हेरिफिकेशनमध्ये जुनी केस सापडली तर अर्जदाराला त्याच आठवड्यात लेखी कळवा की कुठली केस आणि कुठला कागद हवाय, आज त्याला नुसतं "अंडर रिव्ह्यू" दिसतं आणि तो पोर्टल उघडून बघत बसतो. आंदोलनातल्या, कोणाला इजा न झालेल्या केसेस कोर्टाच्या परवानगीने मागे घेता येतात, सीआरपीसीचं पूर्वीचं कलम ३२१, बीएनएसएसचं आताचं ३६०, सरकारी वकिलामार्फत हा अर्ज करता येतो, सरकारला तो करायला लावा. आणि किरकोळ जुन्या शिक्षा ठराविक वर्षांनी पुसण्याचा कायदा केंद्राने करावा असा ठराव पर्वरीला विधानसभेत आणा, मुलांविरुद्धचे आणि लैंगिक गुन्हे त्यातून पूर्ण वगळून. आमदाराने स्वतः मांडलेल्या खासगी ठरावाला पक्ष आडवा येऊ नये असं मला वाटतं, प्रत्येक मतदारसंघात अशी दोन-चार घरं असणारच.

माझ्याकडे काही जणांची कागदपत्रं आहेत, सर्टिफाइड कॉपीसकट. ज्यांनी परवानगी दिली त्यांची दाखवीन, बाकीच्यांची नाही. तुमच्यापैकी कोणीही, सत्तेतला असो की विरोधातला, पुढच्या अधिवेशनाआधी अर्धा तास दिला तर मी फाइल घेऊन येतो, पर्वरीला म्हणा नाहीतर तुमच्या मतदारसंघाच्या ऑफिसात. सकाळी यायला जमेल, संध्याकाळी बॅच असते.

आपला,
डिचोली तालुक्यातला एक इंग्रजी शिक्षक